पदरी पडण्याआधी

‘पदरी पडले पवित्र झाले’ ही म्हण ज्याच्या तोंडून प्रथम निघाली तो माणूस जमिनीवरचा असला पाहिजे. जमिनीवर चुकलेली खरेदी सांभाळून घेता येते. घर गळके निघाले तर गळतीखाली घमेले ठेवून पावसाळा काढता येतो. बैल बसका निघाला तर त्याला हलक्या कामाला लावता येते. दर्यावर अशी समजूत घालून घेण्याची सोय नाही. पदरी पडलेली होडी पवित्र होत नाही; ती तरंगते किंवा बुडते. आणि या दोहोंपैकी काय घडणार, हे पुष्कळदा इसाराचे पैसे हातात पडण्यापूर्वीच तिच्या लाकडात ठरून गेलेले असते. विकणाऱ्याला ते कधी ठाऊक असते, कधी नसते. घेणाऱ्याला ते कळू शकते. परंतु त्यासाठी त्याला आपली इच्छा काही काळ बाजूला ठेवावी लागते, आणि ते जुनी होडी पारखण्यापेक्षाही अवघड असते.

रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णैचे बंदर सुवर्णदुर्गासमोर उघड्या दर्यावर आहे. दुपार कलली की तिथल्या वाळूत मासळीचा लिलाव सुरू होतो. वादळवाऱ्यात मात्र तिथल्या नौकांना आसरा असतो तो आंजर्ल्याच्या खाडीचा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक मासेमारी बंद असते. मे महिन्याचा शेवट जवळ आला की होड्या एकेक करून खाडीत शिरतात. काही काठावर ओढल्या जातात आणि माडाच्या झापांनी शाकारल्या जातात. जुन्या होड्या विकल्या जाण्याचा मोसमही हाच. हंगामाचा हिशेब याच दिवसांत होतो. डिझेलची, बर्फाची, जाळ्यांची देणी याच दिवसांत दारात येऊन उभी राहतात. खलाशांना पुढच्या हंगामाची उचल द्यायची असते. कोणाचा मुलगा शहरात नोकरीला लागलेला असतो, तर कोणाचे गुडघे आता हलत्या फळीवर उभे राहू देत नाहीत. विकण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतली बहुतेक खरीही असतात. शोध घ्यावा लागतो तो न सांगितलेल्या कारणाचा.

२०२२ च्या मे महिन्यात चाळिशी ओलांडलेला एक माणूस असाच या खाडीच्या काठावर येऊन उभा राहिला. वीस वर्षे तो दुसऱ्यांच्या होड्यांवर गेला होता. आधी खलाशी म्हणून, पुढे तांडेल म्हणून. साठवलेले पैसे आणि आईने काढून दिलेल्या दोन पाटल्या एवढ्या बळावर तो आता नाखवा होऊ पाहत होता. समोर एक दोन सिलिंडरची होडी पाण्यावर डोलत होती. लांबी सुमारे तीस फूट, निळा रंग, नाळेवर पांढरा पट्टा, आणि त्या पट्ट्यावर ताज्या रंगाने काढलेले कमळ. तिच्याकडे पाहताच त्याच्या मनात तिचे नवे नावही ठरून गेले. फसवणूक अशा क्षणी सुरू होते, आणि तिच्यात विकणाऱ्याचा हात असतोच असे नाही.

हे त्याला ठाऊक असायला हवे होते, कारण त्याच्या घरात ती गोष्ट घडून गेली होती. १९८७ साली त्याच्या वडिलांनी दूरच्या एका खाडीतली अशीच एक रंगवलेली होडी एका दुपारी पाहिली आणि त्याच दुपारी घेतली. दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. कर्ज मच्छिमार सोसायटीचे होते. तिसऱ्या हंगामात किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर तळाची एक फळी आतून गेली. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या होडीने चौघांनाही उचलून घेतले, म्हणून माणसे वाचली. होडी गेली आणि कर्ज राहिले. पुढची नऊ वर्षे वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जात राहिले आणि जी होडी तळाशी होती तिचे हप्ते भरत राहिले. विकणाऱ्याला त्यांनी कधी शिव्या दिल्या नाहीत. ‘मी वाकून बघितलंच नाही,’ एवढेच ते म्हणत. घरात या वाक्यावर कोणी काही बोलत नसे.

म्हणून या वेळी तो एकटा आला नव्हता. आईने आपल्या भावाला बरोबर धाडले होते. मामांनी उभे आयुष्य होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या हाताखाली काढले होते. त्यांच्या पिशवीत एक छोटी हातोडी, बोथट टोकाची एक सुरी, विजेरी आणि जुने फडके एवढेच होते. काठावर आल्यावर मामा होडीकडे गेलेच नाहीत. उंडीच्या झाडाखाली बसून त्यांनी मालकाला चहा मागवायला लावला आणि अर्धा तास त्याच्याशी गप्पा मारल्या. होडी कोणत्या साली बांधली, कोणत्या वाडीत, लाकूड कोणी आणले, आधीचा नाखवा कोण, त्याने का विकली, गेल्या तीन पावसाळ्यांत ती कुठे उभी होती, असे साधेच प्रश्न त्यांनी विचारले. मालक बांधणीची हकीकत भरभरून सांगत होता. २०२० च्या पावसाळ्याचा विषय निघाला तेव्हा मात्र त्याने चहावाल्या पोराला हाक मारली.

त्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले होते आणि दापोलीच्या किनाऱ्याचीही त्यात दैना झाली होती. माड पडले, घरांची छपरे उडाली, होड्या एकमेकींवर आपटल्या. वादळात आपटलेली होडी नीट दुरुस्त केली तर पुढे वर्षानुवर्षे चालते. त्यात लपवण्यासारखे काही नाही. लपवले जाते ते तेव्हाच, जेव्हा दुरुस्ती नीट झालेली नसते.

मग मामा इंजिनाकडे वळले. त्यांनी ते सुरू करायला सांगितले नाही. आधी त्यावर हात ठेवला. ते कोमट होते. गिऱ्हाईक येण्याच्या आधी ते कोणीतरी चालवून ठेवले होते. थंड इंजिन पहिल्या खेपेला कसे उठते यावरून त्याचे वय कळते. तापवून ठेवलेले इंजिन वय चोरते. मामा काही बोलले नाहीत. ‘उद्या सकाळी येऊ, तोवर हात लावू नका,’ एवढेच त्यांनी मालकाला सांगितले. दुसऱ्या दिवशी ते थंड इंजिन तिसऱ्या प्रयत्नाला उठले आणि त्याच्या नळीतून निळसर धूर निघू लागला. काळा धूर निघाला तर इंधन पुरते जळत नाही किंवा इंजिनावर भार जास्त पडतो आहे असे समजावे. पांढरा धूर सुरुवातीनंतरही थांबला नाही तर पाणी आत शिरल्याचा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे इंजिन आपलेच वंगण जाळते आहे. मामांनी तेलाची पट्टी बाहेर काढून फडक्यावर पुसली. तेल दुधाळ नव्हते, म्हणजे त्यात पाणी मिसळले नव्हते. ‘इंजिन म्हातारं आहे, पण खोटं नाही,’ असा त्यांनी निकाल दिला. इंजिनाचे दुखणे पैशांनी बरे होते. तळाचे तसे नसते.

तळ पाहायचा तर होडी पाण्याबाहेर हवी. मालक म्हणाला, ओढायला माणसे नाहीत, सगळी आपापल्या होड्यांच्या मागे आहेत. तरंगते आहे ती दिसतेच आहे, आणखी काय पाहायचे? आणि तो पुढे म्हणाला, मुरूडकडचे एक गिऱ्हाईक परवा येणार आहे.

पस्तीस वर्षांपूर्वीचे वाक्य जसेच्या तसे समोर आले. भाच्याने मामांकडे पाहिले. मामा आकाशाकडे पाहत होते. चंद्राची कोर बारीक झाली होती. वैशाखी अमावास्या तीन दिवसांवर होती. भांगाच्या दिवसांत खाडीचे पाणी थोडे चढते आणि थोडेच उतरते. उधाणाच्या दिवसांत ते खूप चढते, तसे खूप खाली जाते. अमावास्येच्या पहाटेची ओहोटी खाडीच्या कडेचा गाळ उघडा पाडणार होती, आणि होडी कोणी न ओढता आपोआप टेकणार होती. ‘दर्या फुकट ओढून देतोय, तर माणसं कशाला?’ मामा म्हणाले. ‘आणि मुरूडचं गिऱ्हाईक आलं तर घेऊ दे त्याला. आपण थांबू.’

थांबण्याचे ते तीन दिवस सोपे नव्हते. एका दिवसात त्याने मासळी खात्याकडच्या नोंदणीचे आणि सोसायटीचे कागद पाहून घेतले. नौकेला नोंदणी असते, क्रमांक असतो, मासेमारीचा परवाना असतो. नावावरचा माणूस आणि विकणारा माणूस एकच आहे ना, होडीवर रंगवलेला क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळतो ना, इंजिनाचा क्रमांक बदललेला नाही ना, हे डोळ्यांनी पडताळून पाहावे लागते. नोंदणी आपल्या नावावर झाली नाही तर डिझेलच्या परताव्यापासून नुकसानभरपाईपर्यंत काहीच आपले होत नाही. होडी आपली आणि हक्क दुसऱ्याचा, अशी स्थिती होते. कर्जाची बाकी असेल तर कागदावर तसा बोजा चढलेला असतो. मराठीत हा शब्द मोठा नेमका आहे. जो बोजा डोळ्यांना दिसतो तो होडी वाहून नेते. जो कागदावर असतो तो घेणाऱ्याच्या डोक्यावर येतो. या होडीवर एका बँकेचा बोजा होता. मालक म्हणाला, पैसे हातात आले की दुसऱ्या दिवशी फेडतो. खरा क्रम उलटा असतो: आधी बोजा उतरल्याचा दाखला, मग पैसे, किंवा घेणाऱ्याने मालकासह बँकेत जाऊन बाकी स्वतःच्या हाताने भरायची आणि उरलेली रक्कम मालकाला द्यायची. यात मालकावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नसतो. पैसा हाती आलेल्या माणसासमोर त्या दिवशी दहा गरजा उभ्या असतात, आणि बँक त्यांत शेवटी असते.

बाकीच्या दोन दिवसांत त्याला काम नव्हते. रात्री तो काठावर जाऊन बसे. होडी अंधारात नुसती काळी आकृती होऊन हले. तिच्या नाळेवर आपण उभे आहोत, मागे आपले दोन खलाशी आहेत, आई ओवाळते आहे, असे चित्र तो पाही. मुरूडचे गिऱ्हाईक आले नाही. ते येणारच नव्हते, हे त्याला दुसऱ्या रात्री कळले. तरीही ते येईल या भीतीने त्याची झोप उडालेलीच राहिली. माणसाला खोटे कळते. पण कळल्याने त्याची भीती जात नाही.

अमावास्येच्या पहाटे सहाच्या सुमाराला खाडीचे पाणी तळाला गेले आणि निळी होडी एका कुशीवर कलून गाळात बसली. मामा गुडघाभर चिखलात उतरले. जुन्या लाकडी होडीचे दोन शत्रू असतात आणि त्यांच्या जागा वेगळ्या असतात. सडणे वरच्या भागात सुरू होते. जिथे पावसाचे पाणी साचते तिथे, फळ्यांच्या सांध्यांत, इंजिनघराच्या कोपऱ्यांत. खारे पाणी लाकूड टिकवते, गोडे पाणी कुजवते. ज्या दर्याला माणूस भितो तो होडीचा एका अर्थी रक्षणकर्ता असतो आणि ज्या पावसाची तो वाट पाहतो तो तिचा वैरी. पाण्याखालच्या भागाचा शत्रू निराळा आहे. त्याला कीड म्हणतात, परंतु तो कालवे-शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. अगदी लहान असताना तो लाकडात शिरतो, त्यामुळे बाहेरचे छिद्र टाचणीच्या टोकाएवढेच राहते. आत मात्र तो वाढत जातो, आणि त्याचे बीळ त्याच्याबरोबर वाढत जाते. बाहेरून फळी अखंड दिसते, रंग घेते, चकाकते. आत बोगद्यांचे गाव वसलेले असते.

या किड्याने सामान्य नाखव्यांनाच फसवले असे नाही. कोलंबसाच्या चौथ्या सफरीत त्याची जहाजे या किड्याने मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र केली. चारांपैकी उरलेली दोन जहाजे जून १५०३ मध्ये जमैकाच्या किनाऱ्यावर चढवून त्याला तिथेच वर्षभर अडकून राहावे लागले. १७३१ च्या सुमारास हॉलंडमधल्या समुद्रबांधांचे लाकडी आधार याच किड्याने पोखरल्याचे आढळले आणि समुद्रपातळीखाली राहणाऱ्या त्या देशाची झोप उडाली. पुढे मार्क ब्रुनेल या अभियंत्याने त्याच्याकडूनच धडा घेतला. पोखरताना मागचे बीळ चुनखडीच्या अस्तराने पक्के करीत जाण्याची त्याची रीत पाहून ब्रुनेलला बोगदा खणण्याची युक्ती सुचली, आणि १८२५ ते १८४३ या काळात लंडनमध्ये थेम्स नदीखालून बोगदा निघाला. ज्याला एवढी कारागिरी अवगत आहे त्याच्यापुढे एका दुपारची नजर कितीशी पुरणार?

नजर पुरत नाही म्हणून कानाचा उपयोग करावा लागतो. मामांनी हातोडीने तळाच्या फळ्यांवर हळूहळू ठोकायला सुरुवात केली. नाळेपासून मागे, मग कण्याच्या कडेने, मग इंजिनाच्या खालून. निरोगी सागवान खणखणीत वाजते. तो आवाज छोटा, कोरडा आणि स्वच्छ असतो. फळीमागून फळी त्यांनी वाजवली आणि भाचा खालच्या कुशीशी वाकून ऐकत राहिला. उजवी कूस चांगली वाजली. डाव्या कुशीच्या मध्यावर, जिथे निळा रंग सर्वांत दाट होता, तिथे हातोडी बद्द वाजली. मामांनी एक वीत पुढे ठोकले, पुन्हा बद्द. त्यांनी सुरी टेकवून अंगठ्याने दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली आणि छिद्रातून काळसर पाणी ओघळले.

आत शिरून विजेरीच्या उजेडात पाहिले तेव्हा उरलेली हकीकत कळली. त्या बाजूच्या तीन बरगड्या कधीतरी मोडल्या होत्या. त्यांच्या कडेला कच्च्या लाकडाचे तुकडे खिळ्यांनी ठोकले होते आणि वर सिमेंट भरले होते. वादळाच्या वेळी होडी त्या कुशीवर आपटली असावी. बाहेरून फायबरचा एक पातळ थर चढवून त्यावर रंग दिला होता. निरोगी लाकडावर फायबर नीट चढवले तर ते संरक्षण करते. आजारी लाकडावर चढवले तर ते ओल आत कोंडून ठेवते आणि दुखणे झाकलेलेच वाढते.

मालक काठावर उभा होता. तो खाली उतरला नाही. मामा वर आले, फडक्याने सुरी पुसली आणि शांतपणे म्हणाले, ‘नाखवा, ही होडी दर्यात नेऊ नका. तुम्हीसुद्धा नेऊ नका.’ त्यात रागाचा सूर नव्हता. मालकाने मान खाली घातली. बँकेचा हप्ता त्याचाही थकलेला होता. त्याने ती होडी ज्याच्याकडून घेतली त्याने तरी ती कुशीवर ठोकून दाखवली असेल का, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

घरी परतताना भाचा एक शब्द बोलला नाही. होडी नाकारताना सुटकेचा आनंद होतो हा समज खोटा आहे. नाव ठेवून झालेले असले की ती पुढची कित्येक वर्षे आपल्या हातून गेल्यासारखी वाटते. काही दिवस त्याने आईसमोर असा विचारही मांडला की तीन बरगड्या आणि चार फळ्या बदलून घेता आल्या असत्या. किंमत पाडून मागता आली असती. या विचारात तथ्य नव्हते असे नाही. जुन्या नौकांचा इतिहास त्याच्या बाजूने बोलतो. जोशुआ स्लोकम या अमेरिकन खलाशाला फेअरहेवन गावाच्या माळावर पडून राहिलेली एक जुनी कालवेमारी नौका मिळाली, तीही जवळजवळ थट्टेत. तेरा महिने राबून आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून त्याने ती फळीफळीने नवी केली. १८९५ ते १८९८ या काळात तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा तो पहिला माणूस ठरला. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. १८९७ साली ती मोडीत विकली गेली होती. व्हीटली कॉब या माणसाने ती मोडणाऱ्यांकडून सोडवून घेतली, पुढे कित्येक दशके तिच्यावर मुले नाविकविद्या शिकली, आणि आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात. सागातील तेल त्यांना जपते. दोनशे वर्षांनंतरही ती उभी आहे यात त्या लाकडाचा वाटा मोठा आहे.

मामांनी ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली. मेलेली होडी उठवता येते, पण आपण मेलेली होडी घेतो आहोत हे घेणाऱ्याला ठाऊक पाहिजे. स्लोकमने पहिल्या दिवशीच कुऱ्हाड हातात घेतली, कारण आपल्याला काय मिळाले आहे याविषयी त्याच्या मनात भ्रम नव्हता. ज्याच्यापाशी तेरा महिने आहेत त्याने कुजकी होडी जरूर घ्यावी. ज्याला ऑगस्टमध्ये दर्यात जायचे आहे आणि ज्याच्या पाठीमागे दोन पाटल्यांखेरीज काही नाही, त्याने ती स्वस्तात घेणे म्हणजे महाग घेणे. जुन्या होडीची सांगितलेली किंमत ही तिची पहिली किंमत असते. म्हणून मामांचा हिशेब ठरलेला होता: हातात जेवढे आहे त्याच्या दोन भागांत बसेल तीच होडी पाहायची, तिसरा भाग तिच्या दुखण्यांसाठी बाजूला ठेवायचा. तो भाग खर्च झाला नाही असे त्यांच्या पाहण्यात कधी आले नव्हते.

जुलै महिन्यात दाभोळच्या खाडीकाठच्या एका गावातून निरोप आला. झापांखाली दोन वर्षे उभी असलेली एक होडी होती. रंग पोपडे येऊन गळालेला, सुकाणूचा दांडा दोरीने बांधलेला. तिचा म्हातारा नाखवा काठीच्या आधाराने वाकला आणि कोणी विचारण्याआधीच त्याने मागच्या भागातील एका फळीवर हात ठेवला. ‘ही गेलीय. बदला,’ तो म्हणाला. ‘आणि हा सांधा मी तीन साली भरला, तो पुन्हा भरावा लागेल. बाकी तुम्ही ठोकून बघा.’ मामांनी ठोकून पाहिलेच; चांगल्या माणसाच्या शब्दानेही लाकूड बदलत नाही. अर्धा दिवस ते ठोकत राहिले. जिथे म्हाताऱ्याने हात ठेवला होता तिथे बद्द वाजले, आणि दुसरीकडे कुठेही वाजले नाही. इंजिन थंड होते. ते कुरकुरत उठले. कागद एका पत्र्याच्या डब्यात होते, आणि कर्ज फिटल्याचा दाखला सर्वांत वर होता.

व्यवहार सव्वातीन लाखांना ठरला. घासाघीस फारशी झाली नाही, कारण दोष आधीच सांगून किंमत त्याप्रमाणे धरलेली होती. नव्या नाखव्याने फळी बदलली, सांधा कापसाच्या वातीने भरला, राळ आणि तेल लावले. नारळी पौर्णिमेच्या आधी होडी पाण्यात उतरली आणि पहिल्याच संध्याकाळी तिच्या तळाशी वीतभर पाणी साचले.

ते पाहून आईचा चेहरा उतरला. तिला १९८७ आठवले. मामा मात्र बादली घेऊन आत बसले. दोन वर्षे कोरड्यात उभ्या राहिलेल्या होडीच्या फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. पाण्यात उतरल्यावर लाकूड पाणी पिते, फुगते, आणि फळी फळीला येऊन भिडते. कोरडेपणाची गळती दिवसागणिक कमी होते. रोगाची गळती दिवसागणिक वाढते. पहिल्या दिवशी दोन्ही सारख्याच दिसतात. त्यांतला भेद करण्याचे साधन एकच: बादल्या मोजायच्या. पहिल्या रात्री बेचाळीस बादल्या निघाल्या, दुसऱ्या रात्री सतरा, तिसऱ्या रात्री पाच. चौथ्या दिवशी तळ नुसता ओलसर होता. तो आकडा आईला सांगितला तेव्हा तिने काही उत्तर दिले नाही. ती आत गेली आणि पूजेचा नारळ घेऊन आली.

त्यानंतर नव्या नाखव्याने एक वही घातली. डिझेल आणि बर्फाच्या वहीपेक्षा ती वेगळी आहे. पत्र्याच्या त्याच डब्यात, कागदांच्या खाली ती असते. तिच्यात पहिली नोंद बदललेल्या फळीची आहे, दुसरी भरलेल्या सांध्याची, तिसरी त्या तीन रात्रींच्या बादल्यांची. पुढच्या पानावर लिहिले आहे की उजव्या कुशीच्या चौथ्या फळीत खिळ्याच्या कडेला थोडा मऊपणा जाणवतो, तेव्हा दर पावसाळ्यात तिथे ठोकून पाहावे. वडिलांना जर अशी एखादी वही कोणी दिली असती तर, असा विचार ती लिहिताना त्याच्या मनात आलाच असेल. वहीत त्याची नोंद नाही. होडी आज ना उद्या त्यालाही विकावी लागणार आहे. तीस फुटांची लाकडी होडी एका माणसाच्या आयुष्यात सहसा संपत नाही. त्या दिवशी कोणी अनोळखी माणूस काठावर येऊन उभा राहील, रंगाकडे पाहील आणि मनातल्या मनात तिचे नाव ठेवील. मग त्याच्या हातात ही वही पडेल आणि तो वाकून बघेल.